स्प्रिंग दर वेळी त्याच जागी का अडते? कन्सील्ड पाइपातून केबल ओढताना

भिंतीत बुजवलेल्या (कन्सील्ड) पाइपात बोर्डातून स्प्रिंग, म्हणजे केबल ओढायची लांब लवचिक पट्टी, घातली, मीटरभर सरसर गेली आणि ठक्क करून थांबली. मागे घेतली, फिरवली, पुन्हा घातली, पुन्हा तिथेच. यानंतर बहुतेक ठिकाणी एकच होतं: दोघं मिळून जोर लावतात. मग एक तर स्प्रिंग आत मुडपते, नाहीतर आधीच्या वायरीचं इन्शुलेशन सोलून निघतं. ज्या पाइपात निदान हवा तरी जात होती, तो कायमचा बंद होतो.

जोर लावण्याआधी मोजायचं. स्प्रिंग अडली की पाइपाच्या तोंडाशी तिच्यावर चिकटपट्टीचा तुकडा लावा, ती बाहेर काढा आणि टोकापासून पट्टीपर्यंतचं अंतर लिहून घ्या. तीन वेळा करा. तिन्ही आकडे दोन-तीन सेंटिमीटरच्या आत जुळले तर अडथळा पाइपात आहे. दर वेळी वेगळे आले तर अडथळा नाहीच; स्प्रिंग आतल्या वायरींत गुंतते आहे किंवा ढिली पडून नागमोडी होते आहे. हे दोन वेगळे आजार आहेत आणि औषधंही वेगळी आहेत.

त्याआधी वीज

मेन एमसीबी (घराचा मुख्य सुरक्षा-स्विच) पाडला म्हणजे घर बंद झालं असं समजू नका. इन्व्हर्टर असेल तर त्याची फेज बोर्डात चालूच असते, आणि मेन पाडला की तो आपणहून सुरू होतो. इन्व्हर्टर त्याच्या स्विचवरून बंद करून त्याचं आउटपुटही तोडा. मग टेस्टर आधी चालू असलेल्या पॉइंटवर लावून तो पेटतो याची खात्री करा (हे मेन पाडण्याआधीच उरका), आणि नंतर बॉक्समधली प्रत्येक वायर तपासा. मल्टिमीटर असेल तर उत्तम. स्टीलची फिश टेप (पोलादी पट्टीची स्प्रिंग) म्हणजे हातात धरलेली उघडी तार. चालू वायरींच्या पाइपात ती घालायची नाही. नायलॉनच्या स्प्रिंगलाही पुढे पितळी टोक असतं, तेव्हा हाच नियम तिलाही लागू.

आकडा काय सांगतो

आपल्याकडच्या आरसीसी फ्लॅटमध्ये स्विचबोर्ड जमिनीपासून साधारण १.२ मीटरवर असतो, बीमचा तळ २.४ च्या आसपास आणि स्लॅब २.९ च्या आसपास. बोर्डातून वर घातलेली स्प्रिंग १.१ ते १.३ मीटरवर अडत असेल तर ती बीमच्या तळाशी आहे. हा सांधा बदनामच आहे. स्लॅब आणि बीम ओतताना आतला पाइप आधी टाकलेला असतो. विटांची भिंत आणि तिच्यातली झिरी (पाइप बसवायची खाच) नंतर होते. दोन पाइप तिथे एकमेकांच्या नाकासमोर येतातच असं नाही. मग कपलर (दोन पाइप जोडणारा तुकडा) तिरका बसतो, सोल्यूशन (पाइप चिकटवायचा गोंद) न लावताच ढकललेला असतो, किंवा सांध्यातून प्लास्टरचा माल आत शिरून पाइपाच्या तळाशी कठीण कडं तयार होतं.

आकडा १.७ ते १.८ मीटर आला तर स्प्रिंग स्लॅबकडे वळणाऱ्या बेंडवर आहे. तिथे लांब बेंडऐवजी काटकोनी एल्बो बसवलेला असेल तर स्टीलची पट्टी तिथून वळत नाही. पाइप मोकळा असतो, पण हत्यार चुकीचं असतं. नायलॉनची स्प्रिंग वापरा.

फॅन बॉक्समधून घातलेली स्प्रिंग अर्ध्या-एक फुटातच थांबत असेल तर आधी बॉक्समध्ये टॉर्च मारून बघा. पाइपाच्या तोंडाशी स्लॅब ओततानाचा सिमेंटचा रस गोठलेला दिसेल. तो लांब स्क्रू-ड्रायव्हरने टोकरून निघतो. दिवाणखान्याच्या फॅन बॉक्समध्ये तीन-चार पाइप येतात. कुठला पाइप कुठे जातो हे कळत नसेल तर बोर्डाच्या बाजूने तोंडाने फुंका आणि दुसऱ्याला बॉक्सजवळ टिश्यू पेपरची पट्टी धरून उभं करा.

आकड्यांचा ताळाही घ्यावा. समजा बोर्ड ते फॅन बॉक्स एकूण साडेचार मीटर येतं. बोर्डाकडून स्प्रिंग १.२ वर अडते आणि बॉक्सकडून ३.३ वर, तर दोन्ही बाजूंनी तुम्ही एकाच गोष्टीला टेकता आहात. बेरीज बरीच कमी आली, म्हणजे बॉक्सकडून स्प्रिंग २ मीटरवरच थांबली, तर अडथळे दोन आहेत किंवा मधला साधारण सव्वा मीटरचा तुकडा भरलेला आहे. सव्वा मीटर सिमेंट कुठल्याही स्प्रिंगने निघत नाही, तेव्हा तिथे वेळ घालवू नका.

टोकाला काय लागून आलं ते बघा

स्प्रिंग बाहेर काढली की लगेच पुसू नका. टोक उजेडात धरा. करडी, खरखरीत भुकटी असेल तर सिमेंटचा माल. पांढरी आणि मऊ असेल तर पीओपी किंवा पुट्टी. ती बहुतेक वेळा बॉक्सच्या तोंडाशीच असते आणि निघते. ओलसर टोक आणि त्यावर तांबूस चिखल म्हणजे पाइपात पाणी आहे. वरच्या मजल्यावर पावसाळ्यात हे होतं: गच्चीतली ओल स्लॅबमधल्या उघड्या सांध्यातून पाइपात उतरते आणि सर्वांत खालच्या बेंडात साठते. तिथे केबल ओढण्याआधी गळती शोधावी लागेल. टोकावर ताजा, चमकता ओरखडा असेल आणि आकडा तिन्ही वेळा तोच असेल तर धातूला धातू घासला आहे. भिंतीवर त्या उंचीला फोटोचा किंवा पडद्याच्या रॉडचा स्क्रू आहे का बघा, तो पाइप फोडून आत आलेला असतो. काळ्या चिकटपट्टीचा चिकटा लागून आला तर आत वायरीला जोड मारून पट्टी गुंडाळलेली आहे. पाइपाच्या पोटात जोड असूच नये. पण असतो, आणि तो फुगवटा २० मिमी पाइपात बुचासारखा बसतो.

५.५ मिमीचा मोबाइलला जोडायचा एंडोस्कोप कॅमेरा आता सहज मिळतो. सरळ पाइपात तो कामाचा आहे, पहिल्या बेंडापुढे फारसा नाही.

कुठल्या बाजूने घालायची

सवयीने सगळे बोर्डाकडून घालतात, कारण तिथे उभं राहायला सोपं. बरोबर नियम असा: ज्या टोकापासून बेंड लांब आहेत तिथून स्प्रिंग ढकला, बेंडांच्या जवळच्या टोकाला ती बाहेर काढा, केबल तिथे बांधा आणि परत ओढा. यामागे कारण आहे. बेंडात घर्षण बेरजेने नाही, गुणाकाराने वाढतं. कोरड्या पीव्हीसी पाइपात ९० अंशांचा एक बेंड आधीचा ताण साधारण १.८ पट करतो असं धरा. मागून केबलवर १ किलोचा ताण असेल तर एका बेंडानंतर १.८, दोननंतर ३.२, तीननंतर ५.८ आणि चारनंतर साडेदहा किलो. म्हणून ताण कमी असतानाच, म्हणजे सुरुवातीला, बेंड पार झालेले बरे.

याच हिशोबातून दुसरी गोष्ट निघते. ओढणाऱ्याचा दमखम जितका महत्त्वाचा, त्याहून केबल सोडणारा महत्त्वाचा. त्याने केबल नुसती हातात धरून ठेवली आणि अर्ध्या किलोचा अडसर आला, तरी चार बेंडांपलीकडे तो पाच किलो होतो. सोडणाऱ्याने केबल जमिनीवर इंग्रजी आठच्या आकारात पसरून घ्यावी, पाइपाच्या तोंडाशी बोटं ठेवून सरळ आत ढकलावी, आणि ओढणाऱ्याशी तोंडाने ताल ठेवावा: "ओढ", "थांब". दोघं वेगळ्या खोल्यांत असतील तर फोन चालू ठेवा. ओरडाओरडीत अर्धा सेकंद उशीर झाला की पीळ पडतो.

चारपेक्षा जास्त काटकोन एका टप्प्यात असतील तर मध्ये बॉक्स हवाच. तो नसेल तर कितीही पावडर घाला, उपयोग मर्यादित.

पावडर, जेल आणि काय घालू नये

शंखजिऱ्याची पावडर, जिला दुकानात फ्रेंच चॉक म्हणतात, ती चांगली आणि स्वस्त. चमचाभर पाइपात फुंकायची, आणि केबलवर मुठीतून चोळत सोडायची. वरच्या हिशोबातला १.८ चा गुणक तिने १.४ च्या आसपास आला तर चार बेंडांनंतरचा ताण साडेदहाऐवजी चार किलोच्या आत येतो. वायर ओढायचं पाण्याचं जेल मिळालं तर त्याहून बरं. खोबरेल तेल, ग्रीस, मोटारीचं तेल अजिबात नको. पीव्हीसी इन्शुलेशन त्याने कालांतराने खराब होतं. भांड्यांचा साबणही नको: ओला असेपर्यंत छान सरकतो, वाळला की चिकट होतो आणि पुढच्या वेळी जुनी वायर निघत नाही.

पाइपात मुळात जागा आहे का

पाऊण इंची म्हणून ओळखला जाणारा २० मिमीचा पाइप बाहेरून २० असतो. आतून तो १६-१७ मिमीच. २.५ चौ. मिमीची वायर इन्शुलेशनसकट साधारण पावणेचार मिमी जाड, ४ चौ. मिमीची सव्वाचार ते साडेचार, आणि कॅट-सिक्स (इंटरनेटची नेटवर्क) केबल सहा मिमी. व्यवहारात २० च्या पाइपात २.५ च्या पाच वायरी किंवा ४ च्या तीन, २५ मध्ये २.५ च्या दहा किंवा ४ च्या सहा. त्याच्यावर जाऊ नका. एसीसाठी ४ च्या तीन वायरी २० मधून जातात, पण दोन-तीन बेंड असतील तर घाम काढतात.

कॅट-सिक्स २० मिमीत दोन. तिसरी घालायचा मोह होतो, कारण तोंडाशी जागा दिसते. ती बेंडात अडकते: तिन्ही केबली शेजारी-शेजारी आल्या की १८ मिमी होतात, पाइप आतून १६-१७, आणि त्यांची पाचर बसते. २५ मध्ये चार आरामात जातात. नेटवर्क केबल विजेच्या वायरींच्या पाइपात मात्र घालायची नाही, मग जागा कितीही असो. व्यत्यय येतो ही कमी महत्त्वाची गोष्ट. एका वायरीचं इन्शुलेशन सोललं तर २३० व्होल्ट राउटरवर आणि तिथून हातात येतात. टीव्हीचा किंवा इंटरकॉमचा पाइप वेगळा असतो, तो शोधा.

आकडा दर वेळी वेगळा येत असेल तर

पाइपात आधीच चार-पाच वायरी आहेत आणि स्प्रिंग त्यांच्यामधून विणत जाते आहे. कधी ती पलीकडे पोचतेही, पण मग नवी वायर जुन्यांभोवती वेढे घेत येते आणि पुढे एकही वायर बदलता येत नाही. इथे सरळ मार्ग लांबचा वाटला तरी तोच घ्या: जुन्या वायरी बोर्डाकडे हाताने पाच-दहा सेंटिमीटर मागे-पुढे सरकतात का बघा. सरकत असतील तर त्यातलीच एक ओढदोरी होईल. सगळ्या खुणा लावून, फोटो काढून सोडवा. एका वायरीला २ मिमीची नायलॉन दोरी बांधून सगळा जुडगा बाहेर ओढा, दोरी आत येईल. मग जुन्या-नव्या सगळ्या एकदम, एकाच ओढीत घाला.

जुडगा न काढता नुसती दोरी वेगाने ओढू नका. स्थिर वायरीवर घासत जाणारी नायलॉन दोरी करवतीसारखी चालते आणि बेंडाच्या आतल्या कडेला इन्शुलेशन वितळवून कापते. बाहेरून काहीच दिसत नाही; पावसाळ्यात आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) पडायला लागतो तेव्हा कळतं.

डोकं बांधणं

निम्म्या केबली बेंडात अडकतात त्या डोक्यामुळे, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही. तीन वायरी असतील तर तिन्ही एकदम वाकवून स्प्रिंगच्या डोळ्यात कोंबू नका. एकीचं तांबं १० सेंटिमीटर सोलून डोळ्यातून घाला, मागे वळवून स्वतःवरच पीळ द्या. दुसरी तिच्या ४ सेंटिमीटर मागे, तिसरी आणखी ४ मागे, अशा पायरीपायरीने बांधा. डोकं पेन्सिलीसारखं निमुळतं झालं पाहिजे.

चिकटपट्टी गुंडाळण्याची दिशा बहुतेकांची उलटी असते. कौलं वळचणीकडून आढ्याकडे लावत नेतात, म्हणजे वरचं कौल खालच्यावर चढतं आणि पाणी आत शिरत नाही. पट्टीही तशीच: केबलीकडून सुरू करून डोक्याकडे गुंडाळत जा. प्रत्येक वेढ्याची उघडी कड मागे राहते आणि पाइपातल्या कपलरच्या ओठावर अडत नाही. उलट गुंडाळली तर पहिल्याच सांध्यावर पट्टीची गुंडी होते.

कॅट-सिक्सचं वरचं आवरण १५ सेंटिमीटर सोला, चार जोड्या दोन-दोन करून डोळ्यातून समोरासमोर घाला, पीळ द्या आणि पट्टी आवरणावर किमान ५ सेंटिमीटर चढवा. आरजे-४५ (केबलीच्या टोकाचा प्लग) आधी लावून ओढायचा विचारही नको. या केबलीला ओढताना सोसणारा ताण साधारण ११ किलो, म्हणजे पाण्याने भरलेली १० लिटरची बादली. बॅगा तोलायचा लटकता काटा स्प्रिंगला अडकवून ओढलं तर आकडा समोर दिसतो. हिसका मारू नका: तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची स्वस्त केबल असेल तर आवरण शाबूत राहतं आणि आतली तार तुटते.

स्प्रिंगच अडकली तर

मागे ओढत राहू नका. पाच सेंटिमीटर पुढे ढकला, अर्धा वेढा फिरवा, हलकं मागे. फिरवायचं ते घड्याळाच्या दिशेनेच. काही नायलॉन स्प्रिंगांचं पितळी टोक आट्यांवर बसवलेलं असतं आणि उलट फिरवलं की सुटून पाइपात राहतं. कामाआधी ते टोक पकडीने आवळलेलं बरं. दोन्ही तोंडांनी पावडर फुंका. तरीही सुटली नाही तर समोरून दुसरी स्प्रिंग घालून टोकाला टेकवा आणि एकजण ढकलत असताना दुसऱ्याने ओढा.

रिकामा पाइप, भरपूर बेंड

इथे स्प्रिंगपेक्षा व्हॅक्यूम क्लीनर सरस. हाताच्या तळव्याएवढा पातळ प्लास्टिक पिशवीचा तुकडा शिवणाच्या नायलॉन दोऱ्याला बांधा, एका तोंडात सोडा, दुसऱ्या तोंडाला ओल्या फडक्याने सील करून व्हॅक्यूम लावा. काही सेकंदांत दोरा पलीकडे येतो. त्याने २ मिमी दोरी ओढा, दोरीने केबल. (पतंगाचा मांजा घरात पडला असेल तर तो पडूच द्या, बोटंही कापतो आणि पाइपही.) मधल्या बॉक्सांची तोंडं बुजवायला विसरू नका. ओढ अजिबात लागली नाही तर पाइप बंद आहे. क्षीण लागली तर कुठेतरी सांधा उघडा आहे.

फोडायची वेळ आली तर

अडथळा विटांच्या भिंतीत असेल तर आकडा भिंतीवर मोजून खूण करा. स्टील टेपला केबल ट्रेसरचा (भिंतीआडची तार आवाजावरून शोधणाऱ्या यंत्राचा) टोन जोडून वरून प्रोब फिरवला तर टोकाची जागा आणखी नेमकी कळते. १० × १० सेंटिमीटर प्लास्टर काढा, हॅक्सॉच्या पात्याने एल्बो किंवा खराब सांधा कापून काढा आणि लांब बेंड सोल्यूशन लावून बसवा. किंवा तिथेच छोटा बॉक्स टाकून झाकण लावा. दिसायला एक ठिपका जास्त, पण पुढची भानगड मिटते.

स्लॅब, बीम, कॉलम यांना छिन्नी लावायची नाही. सळईवरचं काँक्रीट जेमतेम २० ते ४० मिमी असतं, ते उडालं की गंज सुरू. तिथला पाइप बंद असेल तर तो सोडून द्या आणि २० किंवा २५ मिमीची केसिंग पट्टी (वायरींसाठीची झाकणाची प्लास्टिक पट्टी) छताच्या कोपऱ्यातून फिरवा. पीओपीचं फॉल्स सीलिंग असेल तर तेवढीही गरज नाही: दिवे काढून त्यांच्या भोकांतून फायबरग्लासच्या मीटर-मीटरच्या कांड्या जोडत केबल न्या. फक्त जीआय चॅनेलची (सीलिंगच्या पत्र्याच्या सांगाड्याची) कड धारदार असते, तिथून केबल जाताना फ्लेक्झिबल पाइपाचा तुकडा चढवा.

ओढून झाल्यावर

विजेच्या वायरी जोडण्याआधी ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्शुलेशन तपासायच्या मीटरने) फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ तपासा. १ मेगाओमच्या खाली आलं तर ओढताना कुठेतरी सोललं आहे. मेगर लावताना त्या सर्किटवरची सगळी उपकरणं सोडवलेली हवीत. कॅट-सिक्स टेस्टरवर आठही दिवे ओळीने लागले पाहिजेत. टेस्टर नसेल तर राउटर आणि लॅपटॉप जोडून वेग बघा. १००० ऐवजी १०० एमबीपीएसवर अडकला तर ४-५ किंवा ७-८ ची जोडी गेली आहे, कारण १०० ला १-२ आणि ३-६ पुरतात. आधी दोन्ही टोकांचे जॅक पुन्हा पंच करून (तारा त्यात दाबून बसवून) बघा. तरी तसंच राहिलं तर केबल आत तुटली आहे.

पाइपात जागा असेल तर केबलीबरोबर एक सुटी दोरी आत राहू द्या. तिच्या दोन्ही टोकांना बॉक्समध्ये मोठी गाठ मारा किंवा काडी बांधा. नुसती सोडलेली दोरी पुढच्या माणसाच्या पहिल्याच हिसक्याला आत गडप होते.